उपाशी मोटार

आभाळ भरून आलं होतं आणि सौंदडच्या आमच्या खळ्यावर धान उफणायचा पंखा मंद चालत होता. भुसा धानातच पडत होता. मी दोनदा कपॅसिटर बदलला होता, तरी मोटार नुसती घुरघुरायची. शेवटी बाजारातून एक मिस्त्री आणला. कानामागे टेस्टर खोचलेला, बोलायला कंजूष. मी पाना पुढे केला, तर त्यानं तो घेतलाच नाही. बटण बंद केलं आणि घरापासून खळ्यापर्यंतची वायर तळहातानं चाचपत गेला. बहिणीच्या लग्नमांडवातली, लायटिंगची उरलेली बारीक वायर मीच जोडून जोडून तिथवर आणली होती.

"वायर गरम होऊन राहिली. मोटार बिमार नाही भाऊ, उपाशी हाये. बारीक वायरीतून करंट पुरत नाही. तिले कायले खोलता?"

"जाड वायर उद्या गोंदियाहून आणतो," मी म्हणालो.

"उद्या पाणी येईन. पंखाच घराजवळ नेऊ."

आणि त्यानं पंख्याची एक बाजू उचललीसुद्धा. मीटरजवळच्या आखूड, जाड वायरवर मोटार अशी भणाणली, की भुसा कुंपणापलीकडे उडाला. धानाची शेवटची टोपली होईपर्यंत मिस्त्री तिथून हलला नाही.

काढून टाकलेले दोन्ही कपॅसिटर चांगलेच निघाले. ते मी खिडकीत ठेवलेत. कुणाला मंद म्हणायला तोंड उघडलं, की नेमके दिसतात.