राणीची चाकं

बेलापुरात गोरक्षनाथ सुताराच्या हातचं चाक म्हणजे चाक, हे त्याचे भाऊबंदसुद्धा कबूल करत, आणि भाऊबंदांनी काही कबूल करणं ही सोपी गोष्ट नव्हे. बाभळीचे आरे घालून, वर लोखंडी धाव चढवून तो गाडीचं चाक देई, ते बापाकडून लेकाकडे जाई. पण त्याचा जीव बैलगाडीत कधीच नव्हता. तो अडकला होता गावचे इनामदार आबासाहेब यांच्या मोटारीत.

ही मोटार आबासाहेबांच्या वडिलांनी वीसेक वर्षांपूर्वी मुंबईहून आणलेली. अमेरिकेची, उघडी, वर कापडी टप, पितळेचे दिवे, आणि चाकांचे आरे चक्क लाकडाचे. लढाई संपून वर्ष होत आलं होतं. नगरच्या वकील-डॉक्टरांकडे लोखंडी चाकांच्या नव्या गाड्या आल्या होत्या, पण बेलापूरकरांना त्यांचं काही कौतुक नव्हतं. गावाने या मोटारीला नाव दिलं होतं राणी. पेट्रोल कुपनावर मिळे, त्यामुळे राणी स्टेशनाच्या पेठेपर्यंत जाई आणि परत येई. बाकीचा वेळ ती लिंबाखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असे आणि तिच्याभोवती तिचे वेडे बसलेले असत.

पक्के वेडे तिघे. एक गोरक्षनाथ. दुसरा छगन शिंपी. स्वतःच्या पोरीच्या लग्नाचे कपडे शिवताना त्याने जितका वेळ घेतला नाही तितका राणीचा टप शिवताना घेतला. आणि तिसरा ड्रायव्हर योहान. हा ख्रिस्ती आळीतला, लढाईत लष्कराच्या लॉऱ्या चालवलेला, अबोल माणूस. रविवारची उपासना आटोपली की तो थेट शेडमध्ये येई, पांढरा कोट आणि टोपी खुंटीला लावी आणि राणीचं बोनेट उघडी. त्याची बायको रेबेका म्हणे, मला सवत आहे, पण ती अमेरिकेची असल्यामुळे भांडायची सोय नाही.

उन्हाळ्यात लाकूड सुकतं आणि आरे खिळखिळे होतात. बैलगाडीवाले त्यावर एकच उपाय करतात, चाकं नदीत घालून ठेवतात. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि सगळं पुन्हा घट्ट बसतं. गोरक्षनाथाने हाच उपाय राणीला लावला. चैत्र लागला की एखाद्या शनिवारी संध्याकाळी योहान तिला प्रवरेच्या पात्रात नेऊन आरे बुडतील इतक्या पाण्यात उभी करी, आणि मंडळी काठावर भेळ खात, नुसती तिच्याकडे बघत बसत. सकाळी योहान चाकांत नवं वंगण भरी. गाव याला राणीची आंघोळ म्हणे. धुण्याच्या बायका हसत, की आमच्या पोरांना कोणी एवढ्या मायेने न्हाऊ घालत नाही. पण आंघोळ झालेली राणी खरोखरच कुरकुर न करता पळे, आणि या तिघांना आभाळ ठेंगणं होई.

त्या वर्षी मात्र आऱ्यांवरून हात फिरवताना गोरक्षनाथ चपापला होता. मुळाशी लाकूड भुगा व्हायला लागलं होतं. त्याने आबासाहेबांना सांगितलं की आता नवे आरे करू. त्यासाठी त्याने शिसवाच्या जाडजूड फळ्या माळ्यावर वाळत ठेवल्याच होत्या. आबासाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, कंपनीच्या हातचं लाकूड काढून गावठी घालायचं तर मग ती राणी कसली राहिली. छगनने मान डोलावली. योहान बोनेट पुसत राहिला. आणि खरं सांगायचं तर गोरक्षनाथालाही आतून बरंच वाटलं. ते परदेशी आरे उपटायला त्याचा हात धजत नव्हता. एक आंघोळ जास्त घालू, असं ठरलं.

वैशाखात आबासाहेबांच्या पुतणीचं लग्न जामखेडला निघालं आणि वरात राणीतूनच काढायची असा त्यांनी हट्ट धरला, त्यासाठी पेट्रोलची कुपनंही साठवून ठेवली. ते स्वतः आधी गेले. योहानने राणी एकट्याने न्यायची, आणि मागून भांड्यांच्या लॉरीतून गोरक्षनाथ आणि छगन यांनी मांडवाच्या कामाला यायचं. आदल्या दिवशी राणीची आंघोळ झाली. चाकं अशी घट्ट बसली की गोरक्षनाथाने स्वतः थाप मारून योहानला जा म्हणून सांगितलं.

इथेच सगळे फसले. राणी आजवर गेली ती स्टेशनापर्यंत. जामखेडची वाट दिवसभराची, आणि नगर सोडलं की नुसता वणवा. रस्त्यालगत ना ओढ्याला पाणी ना झाडाला पान. बैलगाडी तेवढी लांब न्यायची तर गाडीवान वाटेत मिळेल त्या पाण्यात चाकं घालतो, हे बेलापुरातल्या कोणत्याही शहाण्याला माहीत होतं. पण राणीच्या बाबतीत ते एकालाही सुचलं नाही. रात्रभर प्यायलेलं पाणी दुपारपर्यंत उडून गेलं.

जामखेडच्या अलीकडच्या उतारावर लॉरी थांबली तेव्हा राणी नाल्यात उलटी पडलेली होती. पुढचं डावं चाक रस्त्यातच राहिलं होतं. एक मेंढपाळ पलीकडे उभा होता आणि त्याची घोंगडी कशावर तरी पसरलेली होती. छगन पितळेचा चेपलेला दिवा उचलून रडायला लागला. गोरक्षनाथ लॉरीतून उडी टाकून धावला तो चाकाकडे. त्याने ते उचललं, आरे मधल्या तुंब्यातून सुकल्या काड्यांसारखे त्याच्या हातात आले, आणि मग त्याला घोंगडीची आठवण झाली. तोवर मेंढपाळाने तोंड फिरवलं होतं. गोरक्षनाथाला ते तोंड फिरवणं जन्मभर पुरलं.

योहानला त्याच लॉरीतून घरी आणलं. ख्रिस्ती माणसाला पेटी लागते. पाळकसाहेब म्हणाले, स्टेशनावर खोक्यांच्या फळ्या मिळतील, त्या चालतात. गोरक्षनाथ माळ्यावर चढला आणि शिसव खाली काढली. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत पेटी तयार झाली, आणि इतकी जड झाली की खांदेकऱ्यांना वाटेत दोनदा टेकवावी लागली.

लग्न ठरल्यासारखं पार पडलं. परत आल्यावर आबासाहेब रेबेकाला भेटले, डोळे पुसले, तुला काही कमी पडू देणार नाही म्हणाले. माणूस वाईट नव्हता. मग शेडमध्ये जाऊन, ओढून आणलेल्या राणीच्या चेपलेल्या बोनेटवर डोकं टेकून ते जे रडले, ते मात्र रेबेकाकडे रडले त्याहून पुष्कळ जास्त होतं.

बातमी नगरपर्यंत गेली. मोटारींचे शौकीन येऊ लागले. कोणी वकील, कोणी डॉक्टर, आपापल्या गाड्या लिंबाखाली लावत आणि शेडमध्ये शिरताना टोपी काढत. अशी गाडी पुन्हा होणे नाही, म्हणत. असे दिवे आता कोण करतो, म्हणत. चालवणारा कोण होता असं क्वचित कोणी विचारी, आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकी की उतारावर पळवली असणार, लष्करातले ड्रायव्हर तसेच. छगनही हळूहळू मान डोलवायला लागला. होता होता बाजारात पक्कं झालं, की योहानने राणी मारली.

हे रेबेकाच्या कानावर जायला वेळ लागला नाही. नवरा गेला ते तिने गिळलं होतं. पण राणीच्या अंगाला धक्का लागू नये म्हणून जो माणूस खड्ड्यापाशी श्वाससुद्धा रोखून धरी, त्याच्या नावाला हे चिकटलेलं तिला सोसवेना. एका रविवारी ती उपासनेवरून तशीच शेडपाशी आली. योहानची टोपी अजून खुंटीला होती, ती न्यायला आले असं म्हणाली. आत पाचसहा शौकीन होते, आबासाहेब होते, आणि गोरक्षनाथ कोपऱ्यात मोडलेल्या चाकाशी बसला होता. तिने टोपी घेतली, पण ती गेली नाही.

आबासाहेब मात्र उमेदीत होते. नगरचा एक मिस्त्री पत्रा सरळ करून देणार होता. त्यांनी गोरक्षनाथाला हाक मारली. "गोरक्षनाथ, ती शिसव काढ आता माळ्यावरची. नवे आरे घाल. राणीला पायावर उभी करू."

गोरक्षनाथ उठला. रेबेकाकडे बघायचं त्याने टाळलं.

"शिसव न्हाई आता, आबासाहेब. ती योहानला लागली."

शौकिनांतल्या एका डॉक्टरांनी हातातली टोपी उगाच झटकली. गोरक्षनाथाने चाकाचा एक आरा उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला.

"आन् त्यानं गाडी पळवली न्हाई. ह्यो आरा मुळातून सडलाय. मी नुसता भिजवून दिला, तुमी बदलू दिला न्हाई, आन् मलाबी बदलायचा नव्हता. आपल्याला राणीचं लाकूड वाचवायचं हुतं. ते वाचवलं आपन."

आबासाहेबांनी तो आरा हातात घेतला. मुळाशी नख लावलं, भुगा धोतरावर पडला. ते हळू आवाजात म्हणाले की होय, मीच नको म्हणालो होतो. त्यानंतर राणी पुन्हा उभी करायची भाषा त्यांनी काढली नाही. ती दगडांवर राहिली ती राहिलीच.

रेबेका निघाली तसा गोरक्षनाथ तिच्यामागे लिंबापर्यंत गेला. ती थांबली. टोपीवरची धूळ झाडता झाडता तिने विचारलं, "गोरखभाऊ, तुमीच आदी पोचला तिथं. त्यांचं तोंड कसं हुतं?"

तो खोटं बोलू शकला असता. शांत होतं, झोपल्यासारखं होतं, असं लोक सांगतात.

"वहिनी, मी आदी चाकाकडं गेलो. चाक बगितलं, मग त्याला."

रेबेका त्याच्याकडे बघत राहिली. तिला राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिचे डोळे भरून आले आणि ओठावर हसण्यासारखं काहीतरी येऊन गेलं.

"त्यांनीबी तेच केलं असतं," ती म्हणाली आणि टोपी पदराखाली घेऊन घरच्या वाटेला लागली.