मामांनी पुन्हा लावलेलं स्टेटस

कुणी गेलं की आम्हाला मामांच्या स्टेटसवरून कळायचं. जालन्याच्या सळईच्या कारखान्यात ते क्रेन चालवायचे, मी वजनकाट्यावर होतो. आधार कार्डावरचा भेदरलेला चेहरा, भोवती झेंडूची चौकट, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. "मामा, आमचा फोटो तरी चांगला लावा," असं कुणी चिडवलं की म्हणायचे, "आधी मर तर खरं, मंग बघू."

माणूस कुठं गेला, हे ते हमखास लिहीत. दवाखान्यात, शेतात, लेकीच्या घरी. "न्हाई लिव्हलं तर लोकं काहीबी बोलतेत."

बिहारचा रामप्रवेश भाजून गेला, तेव्हाही त्यांनी तसंच लिहिलं: 'कामावर असताना, भट्टीपाशी.' क्रेनवरून त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. कारखाना मात्र सांगत होता, की तो खोलीवरच गेला. कामावर गेला म्हटलं की बायकोला भरपाई द्यावी लागते ना.

मामांना ऑफिसात बोलावलं. कंपनीविषयी सोशल मीडियावर काही लिहायचं नाही, असं कलम नेमणुकीच्या कागदात होतं म्हणे. आमच्यातल्या एकानंही तो कागद वाचून सही केली नव्हती.

"मी कंपनीबद्दल कुठं लिव्हलं साहेब? मी तर रामप्रवेशबद्दल लिव्हलं."

दुसऱ्या दिवशी स्टेटस आपोआप गेलं. तिथंच मिटलं असतं, पण मामांनी तेच पुन्हा लावलं. "त्याच्या भावानं अजून पाह्यलं न्हाई," म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांना कामावरून काढलं.

कामगार न्यायालयात तारखा पडत राहिल्या. खरं लिहिणं म्हणजे बदनामी नव्हे, असं वकील सांगायचा. पण ते शाबीत होईस्तोवर खायचं काय? मग कारखान्याचा निरोप आला. ऐकीव माहितीवर चुकीचं लिहिलं, एवढं लिहून द्या आणि बिनधास्त क्रेनवर या. रामप्रवेशच्या बायकोच्या भरपाईच्या दाव्यात मामांशिवाय साक्षीला कुणी उभं राहिलं नव्हतं. मामांनी नकार दिला. आम्हाला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला. राग जरा जास्तच.

जुन्या जालन्यातली खोली सोडून ते धावड्याला, गावी निघाले, तेव्हा सामान चढवायला मी गेलो होतो. मामी टेम्पोत बसून रडत होत्या.

"मेलेल्या माणसांसाठी इतकं खरं लिव्हलं. जित्या बायकोसाठी एक खोटं लिव्हलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मामांनी सामानाची दोरी आवळली.

"रामप्रवेशची पोरगी लहान हाये अजून. मोठी झाली की इचारील, बाप कुठं मेला म्हणून."

पदरानं डोळे पुसून मामी आत सरकल्या आणि शेजारी मामांसाठी जागा केली.