तीन वाट्या आणि एक लिंबू

दादा गेल्यावर त्याची ट्रंक चार महिने कोणी उघडली नाही. पाचव्या महिन्यात त्याच्या मुलीने, माझ्या भाचीने, उघडली.

दादा फॅक्टरीत नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी जादूचे प्रयोग. निवृत्तीनंतर फक्त प्रयोग. भाची आठव्या वर्षापासून त्याच्या शेजारी उभी राहिली. आता तिला एकटीने करायचे होते. शाळाशाळांत कार्यक्रम नेणाऱ्या नागपूरच्या एका संस्थेने तिच्याकडे दोन मिनिटांचा व्हिडिओ मागितला होता, महिनाअखेरपर्यंत.

"नाही जमलं तर ओमती भागातल्या ऑफिसात जॉइन करते, आत्या," ती म्हणाली. "ट्रंक माळ्यावर. फिर नहीं उतारूँगी।"

पहिला व्हिडिओ तिने स्वतःच केला आणि विजय नगरला माझ्या घरी दाखवायला आणला. मी पुस्तकात खूण घालून ते बाजूला ठेवले. आधी गणपतीची मूर्ती दिसली. मग समई लागली. मग आमच्या हिंदी शहरातल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना शाल-श्रीफळ. मग दादाचा हार घातलेला फोटो आणि मागे उदास बासरी. दीड मिनिट असे गेल्यावर भाची दिसली, आणि तिने पहिली वाटी उचलायच्या आत व्हिडिओ संपत आला.

आमच्या मंडळात समई आणि शाल झाल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही. तिने तोच क्रम इथेही पाळला होता.

"कसा वाटला?"

"तुझी जादू कुठे आहे?"

"वो लास्ट में है ना."

मी जन्मभर कॉलेजात शिकवले. समोरचा माणूस ऐकणार की नाही हे तो बसल्या बसल्या ठरवतो, एवढे मला पक्के कळते. मी म्हटले, पहिले सगळे काढून टाक.

"अध्यक्षकाका नाराज होतील."

"अध्यक्षकाकांना नागपूरला कोणी बोलावलेलं नाही."

"आणि बाबा?"

"तोही."

तोच फोटो माझ्याही टेबलावर आहे. रोज सकाळी तो पुसल्याशिवाय मी लिहायला बसत नाही. पण मुलांना हसवायला कोणाला बोलवावे हे ठरवणाऱ्या संस्थेच्या बाईंनी सुरुवातीलाच हार पाहिला, तर त्या हळहळतील आणि पुढचा व्हिडिओ लावतील. हळहळ वाटली म्हणून कोणी जादूगार बोलवत नाही. हे मी भाचीला सांगितले आणि आजही त्यातला शब्द बदलणार नाही.

वहिनींना, भाचीच्या आईला, मात्र ते लागले. "तुमचाच भाऊ, वन्सं, आन् तुम्हीच काढून टाकून राहिल्या!"

मी भाचीला व्हिडिओ पुन्हा करायला लावला.

दुसऱ्या खेपेला भाचीने फक्त हात दाखवले. पितळेच्या तीन वाट्या पालथ्या, त्यांच्याखाली सुपारी. ती सुपारी या वाटीतून त्या वाटीत जाते आणि शेवटी वाटी उचलली की लिंबू निघते. दादाने हा खेळ घरच्या वाट्यांवरच बसवला होता. हात सफाईने चालले होते, पण मध्ये तीन ठिकाणी व्हिडिओ जोडलेला दिसत होता. जोड दिसला की बघणारा म्हणतो, लिंबू तिथेच ठेवलं असणार. आणि हातांपलीकडे काहीच नव्हते. दादा तिला नेहमी सांगायचा, लोक तुझे हात बघतात, तू त्यांची तोंडं बघ. तोंड तर व्हिडिओत एकही नव्हते.

म्हणून मी दोन गोष्टी ठरवून दिल्या. पहिल्या वाटीपासून लिंबापर्यंत कुठेही कापायचे नाही. आणि समोर बघणारे माणूस हवे.

मी त्यांच्या घरी गेले. सोबत नेलेल्या शब्दकोशाच्या दोन खंडांवर फोन टेकवला आणि मीच समोर बसले.

"आत्या, तुम तो ऐसे बैठी हो जैसे पेपर चल रहा है।"

तिचे खरे होते. मग वहिनींना स्वयंपाकघरातून बोलावले. त्या ओले हात पदराला पुसत, नाराजीनेच बसल्या. "त्यांचा फोटो काढून टाकला, आता मला बसवून राहिल्या."

पहिल्यांदा लिंबू आधीच घरंगळले. दुसऱ्यांदा भाजीवाल्याने बेल दाबली. तिसऱ्यांदा भाचीने वाट्या सावकाश फिरवल्या. तीस वर्षे हा खेळ पाहिलेल्या वहिनींना लिंबू कुठे असते हे ठाऊक होते. तरी त्या हळूहळू पुढे वाकल्या, सुपारीमागे डोळे फिरवू लागल्या आणि मधल्या वाटीवर ठामपणे बोट ठेवले.

वाटी उचलली. लिंबू.

"घ्या! माझ्याच फ्रिजातलं लिंबू, आन् मलाच दाखवून राहिली!"

दर सरावाला दादाला हेच ऐकावे लागायचे. बोलून झाल्यावर वहिनींना हसू फुटले. तोंडाला पदर लावून त्या हसत राहिल्या. दादा गेल्यापासून आम्ही ते हसणे ऐकले नव्हते. भाची आपल्या हातांकडे बघतच नव्हती. ती आईच्या तोंडाकडे बघत होती. मी फोन बंद करायची घाई केली नाही.

व्हिडिओ सुरू होतो तो थेट पहिल्या वाटीपासून. वहिनींनी तो तीनदा पाहिला. फोटोचे नाव काढले नाही. "माझा आवाज थोडा वाढव," एवढेच म्हणाल्या.

तीन दिवसांनी नागपूरहून त्या बाईंचा फोन आला. भाचीने स्पीकर लावला.

"प्रयोग आवडला. चार शाळांपासून सुरुवात करू. एक विचारायचं होतं. त्या लिंबूवाल्या काकू पण येतील का?"

भाचीने आईकडे पाहिले. वहिनी मेथी निवडत होत्या.

"काहून नाही?" मेथीवरून नजर न काढता त्या म्हणाल्या. "पण लिंबं इथूनच नेऊ. तिथे संत्री असतात, वाटीत मावत नाहीत."