पॉवर टिलरने पेंढा खाल्ला

माले गावच्या किमयाला कॉम्प्युटरवरचे गेम बनवायचा पगार मिळतो, हे गावात अजून निम्म्यांना पटलेलं नाही. तिची तक्रार नाही. पडवीत टेबल, समोर भाताची खाचरं, पायाशी मांजर. पुण्यातल्या कंपनीचं काम ती इथूनच करते आणि तिला दुसरीकडे कुठे जायचंच नाही.

जुलैत मात्र तेच धोक्यात आलं. तिच्या शेतीच्या गेममध्ये बैल नांगर ओढत होते. कंपनीतल्या साहेबांनी पॉवर टिलर, म्हणजे हाताने चालवायचं इंजिनाचं नांगरणी यंत्रही मागितलं. नांगर फक्त बैलालाच ओळखत होता आणि ओढण्याचा कोड बैलात तयारच होता, म्हणून या हुशार बाईने टिलरला सरळ बैलाचा वारस करून टाकलं. वारसाला बापाचं सगळंच मिळतं. टिलरने नांगर ओढला, आणि दुपार होताच झाडाखाली बसून पेंढा खाल्ला. खाणं बंद केलं, तर उपाशी म्हणून जागचा हलेना. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर पुण्यात येऊन ऑफिसात बसायचं, असं साहेबांनी बजावलं.

किमया रडवेली झाली. तेवढ्यात तिचे वडील हैबतराव सावडीवरून आले. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, आज आपण शेजाऱ्याच्या खाचरात, उद्या तो आपल्या, ही सावड. चिखलाच्या पायांनी त्यांनी रवंथ करणारा टिलर पाहिला आणि पोट धरून हसले. तिने चिडून सगळा घोळ सांगितला.

"सावडीला आल्याला आमी कुणाचा हाय ते इचारत न्हाई," ते म्हणाले. "रोप लावता येतं का, येवढंच बगतो. तुजा नांगर कशाला घराणं इचारतोय?"

किमया टेबलाकडे वळली. मग तिने टिलरचं बैलाशी नातं तोडलं आणि 'ओढणारा' नावाचा नुसता करार लिहिला. त्यालाच इंटरफेस म्हणतात. जुंपलं की ओढायचं, थांब म्हटलं की थांबायचं. बैलाने तो पायांनी पाळावा, टिलरने इंजिनाने. गेममधले बैल आणि म्हैस मात्र 'जनावर' या मूळ कोडाचे वारस राहिले, कारण ते नातं खरं होतं. उद्या ट्रॅक्टर आला, तरी नांगराचा कोड बदलायला नको.

शुक्रवारी साहेबांनी टिलर मनसोक्त पळवला. त्याने पेंढ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फोन ठेवून किमया बाहेर आली. हैबतराव केव्हाचे दाराशी घुटमळत होते.

"काय म्हनले सायेब?"

"उद्या सावड कुणाकडं हाय?"

"बहिरूकडं. का?"

"मी बी येते. आता हितंच ऱ्हायचंय मला."

हैबतरावांना इतका आनंद झाला की त्यांनी उगाचच खाचराकडे तोंड फिरवलं.

"सातला निगायचं," एवढंच ते म्हणाले.