सांतियागोहून साडेपाच तास

एर्मिनिया जन्मात विमानात बसली नव्हती, पण सगळ्या बेटावर विमानाला तिच्याइतकं कुणी भीत नसेल. मुख्य भूमीवरचं सांतियागो तीन हजार सातशे किलोमीटरवर. तिकडे जाताना वारा पाठीशी, पाच तासांच्या आत पोचतात. येताना तोच वारा छातीवर, मग साडेपाच. मधे टेकायला खडकसुद्धा नाही. अर्धी वाट ओलांडली की मागे फिरणं नाही, उतरायचं ते इथेच. हे बेटावरची शेंबडी पोरंही जाणतात आणि निवांत जेवतात. एर्मिनियाच्या मात्र विमान यायच्या दिवशी घशाखाली रताळं उतरत नसे.

त्या दुपारी तर लेक येत होती. अवघड बाळंतपणासाठी सांतियागोला गेलेली मेराही, आणि कुशीत महिन्याचं बाळ. येणाऱ्याला फुलांचा हार, जाणाऱ्याला शिंपल्यांची माळ, हा बेटाचा शिरस्ता. एर्मिनियाने सकाळीच हार गुंफला, परतीच्या विमानाने जाणाऱ्या शेजारणीसाठी माळ पिशवीत टाकली, घोड्यावर बसून विमानतळ गाठला, घोडा नेहमीसारखा मोकळा सोडला. बांधतो कोण इथे?

"अर्ध्यावर आलं का रे?" तिने तिथल्या बंबवाल्या पेलायोला विचारलं.

"केव्हाच ओलांडलं, नुआ." आईला आणि आईच्या वयाच्या बाईला बेटावर नुआच म्हणतात. "तुम्ही बसा बघू खाली. तुमच्याकडे बघून मलाच घाम फुटतोय." मग त्याचीच मान ताठ झाली. "तो कुणाचा घोडा?"

धावपट्टीच्या मधोमध तिचाच तांबडा, शेपटी हलवत उभा. कुंपणाची तार पडली होती, तिथून शिरला असणार.

ढगांमागे घरघर सुरू झाली. पेलायो गाडी घेऊन भोंगा वाजवत सुटला, तसा तांबडा उधळून आणखी आत गेला.

"हाकलू नकोस, मेल्या!" एर्मिनिया ओरडली. "भोंग्याला बुजतो तो!"

पेलायोने भोंगा थांबवून गाडी तिच्यापाशी आणली. "वैमानिकाला कळवलंय. घिरट्या घालतोय."

"किती वेळ घालेल?"

"इंधन आहे तोवर."

वर तिची लेक होती, आणि मागे नुसतं पाणी. ती चालत धावपट्टीवर शिरली. पळायची सोय नव्हती, पळाली तर तोही पळणार. घरघर डोक्यावरून गेली, तेव्हा तिने डोळे घट्ट मिटले. उघडले आणि हार पुढे धरला.

"ये रे राजा. ये माझ्या बाबा."

तांबड्याने नाक फेंदारलं, जवळ आला, एक फूल ओढलं. ती एकेक पाऊल मागे सरत राहिली, तो खात खात मागोमाग. कुंपणापाशी पोचेतो हातात नुसता दोरा उरला.

विमान उतरलं. मेराही बाळाला घेऊन बाहेर आली.

"नुआ, फुलं कुठायत? पोरगं पहिल्यांदा घरी येतंय, आणि गळा उघडा?"

"घोड्याने खाल्ली."

"ही घाल मग." मेराहीने आईच्या पिशवीतून डोकावणारी शिंपल्यांची माळ ओढली.

"हात लावू नकोस तिला! जाणाऱ्याची आहे ती." एर्मिनियाने माळ हिसकावून पिशवीच्या तळाशी कोंबली. कानावरचं स्वतःचं फूल काढून तिने बाळाच्या दुपट्यात खोचलं.