तारीखमास्तरांच्या नावावरचं कुलूप

सर्व्हरकाकांचं काम असं, की नीट चाललं तर कुणाला दिसायचं नाही आणि बिघडलं की सगळ्यांच्या तोंडी त्यांचंच नाव. आमची कंपनी इमारती बांधते. कुठलं काम कधी सुरू, कधी संपणार, कोण करणार, हे सगळं एका मोठ्या प्रोजेक्ट सर्व्हरवर असतं. तो सर्व्हर काकांनी अकरा वर्षं सांभाळला. तिसऱ्या मजल्यावरची बिनखिडकीची खोली, बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत अंगात स्वेटर. सकाळी आल्याआल्या ते आधी रांग बघायचे. लोकांनी केलेले बदल सर्व्हरवर एकामागोमाग चढतात. मध्येच एखादा अडकला की मागचे सारे खोळंबतात. "नाक दाबल्याशिवाय याचं तोंड उघडत नाही," म्हणत काका अडकलेलं काम काढून टाकायचे आणि रांग मोकळी करायचे.

त्या खोलीत हक्काने येणारा माणूस एकच, आमचे प्लॅनर. त्यांना सगळे तारीखमास्तर म्हणायचे, कारण कुणी काहीही सांगू लागलं की ते म्हणत, "ते सगळं ठीक, तारीख बोला." दोघं डबा एकत्र खायचे. मास्तर म्हणायचे, "तुझा सर्व्हर म्हणजे गोगलगाय." काका म्हणायचे, "आणि तुझी योजना म्हणजे मारुतीचं शेपूट." यापलीकडे फारसं बोलणं नसायचं, पण एक जण आला नाही तर दुसरा डबा तसाच घरी न्यायचा.

एका गुरुवारी साइटवरून परतताना मास्तर ऑफिसच्या जिन्यातच कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

सोमवारी सकाळी साहेबांनी काकांना बोलावलं. साहेब म्हणजे सगळ्या प्रकल्पांचे प्रमुख. एका हॉस्पिटलचं बांधकाम चालू होतं आणि त्याची योजना कुणालाच बदलता येत नव्हती. फाइल उघडली की सूचना यायची, ही योजना दुसऱ्या व्यक्तीने बदलांसाठी घेतलेली आहे. पुढे मास्तरांचं पूर्ण नाव.

"कुलूप तोडा," साहेब म्हणाले.

"तोडता येतं, साहेब. पण मास्तरांनी लॅपटॉपवर केलेले बदल अजून सर्व्हरवर चढलेले नाहीत. कुलूप तोडलं तर आपल्या हाती राहील नऊ दिवसांपूर्वीची योजना. लॅपटॉप त्यांच्या घरी आहे. मी जाऊन आणतो, तासाभराचं काम."

"मास्तरांच्या बायकोकडे आज लॅपटॉप मागायला जाणार तुम्ही? अहो, काही जनाची नाही तर मनाची! अकराला मीटिंग आहे. तोडा."

काकांना ते पटलं. खरं म्हणजे त्यांनी पटवून घेतलं. त्या दारात उभं राहायची त्यांनाच धास्ती होती. सर्व्हरने एकदा विचारलं, खात्री आहे का? काकांनी 'हो' दाबलं आणि मास्तरांचं नाव फाइलवरून गेलं.

पाच आठवड्यांनी हॉस्पिटलच्या तळघराची भिंत आत झुकली आणि फुटली. कुणी दगावलं नाही, पण एका फिटरचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. चौकशी झाली. भिंतीमागे पाणी झिरपत असताना तिथे माती भरली गेली होती. का भरली? योजनेत तीच तारीख होती. योजना कुणाची? मास्तरांची. अहवालात लिहिलं गेलं, नियोजकाची चूक. गेलेला माणूस काय उलट उत्तर देणार?

त्याच आठवड्यात मास्तरांची बायको लॅपटॉप परत करायला ऑफिसात आली. टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून आणला होता. पासवर्डची चिठ्ठीही दिली.

"तुमच्याच हातात द्यायचा होता, भाऊजी." मग म्हणाल्या, "लोक म्हणतात, भिंत यांच्यामुळे पडली. यांची चूक होती का हो?"

"बघतो, वहिनी," काका म्हणाले.

त्या गेल्यावर काकांनी आधी लॅपटॉपचं नेट बंद केलं, सर्व्हरशी जुळून आतलं काही पुसलं जाऊ नये म्हणून. मग योजना उघडली. तळघराच्या भिंतीनंतर मास्तरांनी तीन आठवड्यांचा थांबा टाकला होता. खाली टिपण होतं: "मागे पाणी झिरपतंय. निचऱ्याची सोय झाल्याशिवाय माती भरायची नाही. सोमवारी साहेबांशी बोलणे." तारीख बुधवारची, मरणाच्या आदल्या दिवसाची.

काका लॅपटॉप घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी वाचलं आणि उठून दार लावून घेतलं.

"काका, गेलेल्या माणसाची नोकरी जात नाही. सर्व्हरच्या नोंदीत कुलूप तोडणारा म्हणून नाव कुणाचं आहे?"

"माझं."

"मी तर तोंडी बोललो होतो. निवृत्तीला किती राहिली तुमची?"

"चार वर्षं."

"मग झाकली मूठ झाकलीच राहू द्या."

दोन दिवस काका ऑफिसात आले नाहीत. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. ती धुतलेले कपडे घड्या घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "सांगितलंत काय आणि न सांगितलंत काय, झोप तुम्हाला लागणार नाहीच. मग सांगून तरी जागे राहा."

काकांनी चौकशी समितीला सगळं लेखी दिलं. टिपण, सर्व्हरची नोंद, स्वतःचं नाव आणि साहेबांचा तोंडी हुकूमही. महिन्याभराने अहवाल सुधारला. 'नियोजकाची चूक' जाऊन तिथे 'सर्व्हर हाताळणीतील चूक' आली. साहेबांचा उल्लेख कुठेच नव्हता. काकांचे सर्व्हरवरचे अधिकार काढले आणि त्यांना तळमजल्यावर जुने नकाशे लावायला बसवलं.

अहवालाची प्रत घेऊन ते वहिनींकडे गेले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. वहिनींनी प्रत दोनदा वाचली.

"म्हणजे त्या सोमवारी तुम्ही आला असतात तर..."

"तर हे टिपण त्याच दिवशी दिसलं असतं."

"मग का नाही आलात?"

"तुम्हाला त्रास नको, म्हणून..."

"मी घरीच होते, भाऊजी. लॅपटॉप समोर टेबलावर होता. त्या दिवशी कुणीतरी यावं, असं फार वाटत होतं मला."

त्यांनी पाणी आणून दिलं. काका प्यायले आणि उठले. वहिनी दारापर्यंत आल्या नाहीत.

पुढची चार वर्षं काकांनी नकाशे लावले. त्या घरी ते पुन्हा कधी गेले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी निरोपाला आम्ही सात जण होतो. साहेबांना यायला जमलं नाही. त्यांचा दोन ओळींचा संदेश कुणीतरी वाचून दाखवला, आणि काकांनी तो मान खाली घालून ऐकला.