दिगंबरची बाल्टी

तेव्हा आमची प्लाटून बर्फातल्या एका पोस्टवर होती. सकाळी सहाला हत्यारं घेऊन स्टँड-टू, सातला चहा, नऊला गस्तीची पेट्रोल. सगळं घड्याळावर. घड्याळाबाहेरची एकच गोष्ट होती, ती म्हणजे दिगंबरची बाल्टी.

नायक दिगंबर चिखल्याचा, मी वरठीचा. एकाच जिल्ह्याचे, म्हणून तो माझ्यावर हक्कानं डाफरायचा. बड्या खान्याच्या, म्हणजे सगळ्या प्लाटूनच्या पंगतीच्या दिवशी सगळ्यांचा दारूचा कोटा तो एका स्टीलच्या बाल्टीत ओतायचा. दोन बाटल्या रम, एक ब्रँडी, अर्धी व्हिस्की. त्यावर गरम काळा चहा, लवंगा, रेशनमधल्या डब्यातला संत्र्याचा रस आणि गूळ. गुळाला त्याचा हात सैल होता. जोर असा की पहिल्या घोटाला कान तापायचे. प्यायला चहाचा मग एकच असायचा आणि तो उजवीकडे फिरायचा. नियम त्याचाच. पहिला घोट बनवणाऱ्याचा, त्याआधी कोणी हात लावायचा नाही.

अशाच एका बड्या खान्याच्या दिवशी पेट्रोलवर माझं नाव होतं. माझ्या टाचेला जखम होती. दिगंबरनं बाल्टी तयार केली, झाकण ठेवलं आणि बर्फावर चालायला बुटाखाली बांधायचे माझे आइस-क्रॅम्पॉन उचलले.

"मी जातो. तू इथंच बस."

"काहून? माझी ड्यूटी आहे."

"लंगडून राहिला अन् ड्यूटी सांगते मले! बाल्टी सांभाळ. मी येऊन चाखतो. तवरक कोनाले देऊ नोको."

नऊला पेट्रोल निघाली. अकरा चाळीसला रेडिओ बोलला.

"पेट्रोल फॉर पोस्ट. बर्फ की स्लाइड आई है. एक मिसिंग. ओव्हर."

"कौन? ओव्हर."

"नायक दिगंबर. ओव्हर."

सगळे फावडी घेऊन गेले. मी टाच घेऊन रेडिओपाशी बसलो. दुपारी चारला ते त्याचा देह घेऊन आले. थंडीनं कोणाची बोटं वळत नव्हती. सुभेदार साहेबांनी बाल्टीकडे बघितलं.

"गरम करो. बाँट दो."

"साब, पहला घूँट उसका है."

"तो तुम लो. फिर बाँटो. ऑर्डर है."

मी गरम केली आणि वाटली, पण पहिला घोट घेतला नाही. हातातला मग नुसता ओठाला लावून पुढे दिला. साहेबांच्या लक्षात आलं असावं, त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. त्यानंतर मी दारूला शिवलो नाही. लोक मला शिस्तीचा माणूस म्हणतात. मी ऐकून घेतो.

पेन्शन घेऊन मी वरठीला आलो. चिखल्याला दर हिवाळ्यात जातो. दिगंबरचे वडील खाणीत होते, आता थकलेत. इतकी वर्षं आम्ही धानाविषयी, गुडघ्यांविषयी बोलत होतो. गेल्या खेपेला दुपारी, अंगणात, ते एकदम म्हणाले,

"बाबू, दिगू सुट्टीवर आला का त्या बाल्टीचंच सांगे. कशी लागे रे ते?"

चव सांगायची सोडून मी सगळं सांगून टाकलं. पेट्रोल माझी होती हे, आणि न घेतलेला घोटही. ते काठी टेकत उठले.

"चाल तुमसरले. सामान आनू. मले बनवून पाज."

चुलीवर मी बनवली. माप विसरलो नव्हतो. पितळी पेल्यात भरून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला.

"बनवनाऱ्यानं पहिले प्याचं ना? त्यानंच सांगतलं मले."

"बाबा, तो माझ्याऐवजी गेला जी."

"माहीत आहे. कागदावर तुयं नाव होतं, साहेबानं तवाच सांगतलं. तू येत राहिला, तं मी इचारलं नाही. पी आता."

मी प्यालो. डोळ्यांत पाणी आलं. ते रमचं नव्हतं.

"गूळ जास्त झाला," मी म्हणालो.

त्यांनी पेला घेतला, घोट घेतला, डोळे मिटले.

"त्याचाबी जास्तच होत असंन."

"हो जी. दर वेळेस."

नियमानं पेला आता माझ्याकडे यायला हवा होता. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून ठेवला आणि आणखी एक घोट घेतला. मी त्यांना अडवलं नाही. नायक दिगंबर, राहणार चिखला. त्याचा पहिला घोट इतकी वर्षं माझ्याकडे राहिला होता, तो आता घरी पोचला.